डॉ. श्रीराम लागू : पडद्यापलीकडचा नट

भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरांवर मंडीदीप लागते. रायसेन जिल्ह्यातील या गावाचे रूप कारखान्यांनी पालटून टाकले आणि नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांतील माणसे तेथे येऊन राहिली. भोपाळात व त्याच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी घरांतून दूरदर्शन संचावर एखादा जुना हिंदी चित्रपट लागला की एक प्रसंग हमखास घडतो. 'मुकद्दर का सिकंदर' मधील नायिकेचे करारी वडील पडद्यावर येतात, किंवा 'लावारिस' मधला तो दारुडा गंगू गणपत झोकांड्या खात प्रवेश करतो, आणि घरातील वडीलधारे माणूस एकदम सावरून बसते. "हे आपले डॉक्टर लागू." मुले मान वर करून पाहतात. त्यांच्या दृष्टीने ते हिंदी चित्रपटांतील एक परिचित म्हातारे असतात. कधी न्यायाधीश, कधी वकील, कधी डॉक्टर, बहुधा कोणाचे तरी वडील. वडीलधाऱ्यांच्या आवाजात एवढा आदर कशासाठी आला, हे त्यांना उमगत नाही. ते समजावून सांगणेही कठीण असते. कारण ज्या गोष्टीसाठी तो आदर आहे ती पडद्यावर नाहीच, ती रंगभूमीवर घडून गेली.

डॉ. श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. वडील डॉक्टर होते. श्रीराम हे चार भावंडांतील थोरले. शिक्षण पुण्यास झाले. भावे स्कूल, मग फर्ग्युसन महाविद्यालय आणि त्यानंतर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. थोरल्या मुलाने वडिलांचा व्यवसाय पुढे चालवावा, ही मध्यमवर्गीय घरातील सरळ अपेक्षा त्यांनी पुरी केली. एम. बी. बी. एस. झाले, पुढे कान, नाक आणि घसा या शाखेतील शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले, काही वर्षे पुण्यात व्यवसाय केला आणि अधिक शिक्षणासाठी कॅनडा व इंग्लंड येथेही जाऊन आले.

मराठी रंगभूमी आणि वैद्यकी यांचे हे सख्य मोठे नवलाचे आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर हे दंतवैद्य होते. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघेही डॉक्टर. रुग्णाच्या खाटेशी माणसाचा मुखवटा गळून पडतो, म्हणून डॉक्टरांना माणूस लवकर कळतो, असे कोणी म्हणतात. त्यात तथ्य असेल. पण साधे कारण हेही आहे की वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत नाटके जोरात होत आणि तेथे लागलेले वेड पदवी मिळाल्यावर उतरत नसे. लागूंचे वेड तर उतरण्याऐवजी वाढले. भालबा केळकर आणि इतर मंडळींबरोबर त्यांनी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था उभी केली. मराठी नाट्यप्रेमी तिला 'पी. डी. ए.' या नावानेच ओळखतात. १९५७ च्या सुमारास वसंत कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' हे नाटक या संस्थेने रंगभूमीवर आणले आणि त्यातील प्रमुख भूमिकेने जाणकारांचे लक्ष या तरुण डॉक्टराकडे वेधले. मुंबईत विजया मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी 'रंगायन' ही संस्था सुरू केल्यावर तेथेही लागूंचा वावर होता.

ही सारी हौशी रंगभूमी होती. दिवसभर रुग्ण तपासावेत आणि संध्याकाळी तालमीला जावे; नाटकातून पैसा मिळण्याचा प्रश्न नव्हता, उलट पदरचेच जावयाचे. पुढे आफ्रिकेत टांझानियातील टाबोरा या गावी त्यांनी शल्यविशारद म्हणून काम केले. पगार होता, प्रतिष्ठा होती, हाताला यश होते. नव्हते ते नाटक. माणसाला आपले खरे भुकेले अंग कोणते, हे ते उपाशी पडल्यावरच कळते. लागू मायदेशी परतले आणि १९६९ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. 'इथे ओशाळला मृत्यू' हे कानेटकरांचे ऐतिहासिक नाटक त्यांचे व्यावसायिक रंगभूमीवरील पहिले पाऊल ठरले.

या निर्णयाचे वजन आज चटकन लक्षात यावयाचे नाही. आज नटाला चित्रपट, मालिका, जाहिराती अशा अनेक वाटा असतात. १९६९ साली मुंबईतही दूरदर्शन नव्हते. ते १९७२ साली आले. व्यावसायिक नाटकातील नटाला रात्रीच्या प्रयोगाचे पाकीट मिळे आणि नाटक पडले की पाकीट बंद. प्रवास बसचा, मुक्काम मिळेल तेथे, जेवणाची वेळ मध्यरात्रीनंतर. विलायतेहून शिकून आलेल्या शल्यविशारदाने, बेचाळिशी उलटताना, हे जिणे पत्करावे याचा लोकांना अचंबा वाटला आणि आप्तांना चिंता वाटली असेल तर त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्यानंतर पुरती दोन वर्षेही झाली नाहीत तोच 'नटसम्राट' आले.

वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग दि गोवा हिंदू असोसिएशन या संस्थेने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त झालेला थोर नट. आयुष्याची पुंजी मुलामुलींत वाटून टाकतो आणि मग त्याच मुलांच्या घरांतून पत्नीसह अपमानित होऊन बाहेर पडतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' ची छाया या कथेवर आहे, हे उघड आहे. शिरवाडकरांना शेक्सपिअर नवा नव्हता. 'मॅकबेथ' वरून 'राजमुकुट' आणि पुढे 'ऑथेल्लो' ही त्यांनी मराठीत आणलेली होती. परंतु 'नटसम्राट' हे रूपांतर नव्हे. लिअर राज्य वाटतो. बेलवलकर घर आणि बचत वाटतो. लिअरचा छळ दुष्ट कन्या करतात. बेलवलकरांची मुले दुष्ट नाहीत, ती केवळ आपल्या संसाराची घडी सांभाळणारी सामान्य माणसे आहेत. म्हणूनच ते नाटक प्रेक्षकाच्या जिव्हारी लागले. लिअरचे दुःख पाहून माणूस हळहळतो. बेलवलकरांचे पाहून घरी जाऊन आईवडिलांच्या खोलीत डोकावतो.

आणखी एक मोठा फरक आहे आणि लागूंच्या कामगिरीचे मर्म त्यात आहे. शिरवाडकरांनी राजाच्या जागी नट बसवला. राजाचे राज्य गेले तर भूमी उरते, ती दुसऱ्याच्या हाती जाते इतकेच. नटाचे राज्य म्हणजे काय? टाळ्या संपल्या, रंग पुसला, की त्या राज्याचा पत्ताही लागत नाही. बेलवलकर वारंवार आपल्या जुन्या भूमिकांत शिरतात, हॅम्लेट, ऑथेल्लो, सुधाकर ही नावे घेतात, ते काही बढाई मारण्यासाठी नव्हे. भूमिका हेच त्यांचे उरलेले घर आहे. घराबाहेर काढलेला म्हातारा त्या घरात पुनःपुन्हा आश्रयाला जातो.

बेलवलकर रंगवताना लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. साठी ओलांडलेला, थकत जाणारा, मध्येच तारुण्यातील तेज दाखवून पुन्हा कोसळणारा माणूस त्यांना उभा करावयाचा होता. त्यातही अडचण अशी की हा म्हातारा सामान्य नाही, तो स्वतः महानट आहे. म्हातारपण दाखवावयाचे म्हणून आवाज नुसता कापरा केला तर महानट मरतो, आणि आवाज खणखणीत ठेवला तर म्हातारा मरतो. लागूंनी हा तिढा श्वासाच्या बळावर सोडवला. बेलवलकरांच्या दीर्घ स्वगतांत वाक्य खणखणीत सुरू होई, पल्ला गाठू लागे, आणि प्रेक्षक त्यात वाहून जात असतानाच श्वास किंचित अपुरा पडे. शब्द तुटत नसे. मागचा आधार सरकल्याचे मात्र जाणवे. पुढच्या शब्दावर म्हातारा पुन्हा सावरे. दोन माणसे एकाच देहात झगडत आहेत, हे अशा रीतीने कानाला कळत असे. कावेरीच्या भूमिकेत शांता जोग होत्या. बेलवलकर आपल्या या पत्नीला 'सरकार' म्हणून हाक मारतात. त्यांच्या शांत, काटकसरी अभिनयाने समोरच्या वादळाला किनारा दिला, हे लागूंच्या स्तुतीच्या भरात विसरले जाऊ नये.

घशाच्या शल्यविशारदाला आवाजाचे यंत्र आतून माहीत होते, हे खरे. पण ज्ञानाने नट होत नाही. तसे असते तर कान-नाक-घशाचे सारेच तज्ज्ञ नट झाले असते. लागूंची श्रद्धा रियाजावर होती. नट हा विचारवंत तर असलाच पाहिजे, परंतु त्याचे शरीर कसरतपटूचे असले पाहिजे, असे ते नेहमी प्रतिपादन करीत. संहितेचा अर्थ बुद्धीने शोधावयाचा आणि तो अर्थ शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचविण्याचे काम फुफ्फुसांनी आणि स्नायूंनी करावयाचे. 'वाचिक अभिनय' या नावाचे छोटेखानी पुस्तकच त्यांनी लिहिले. गाण्याला रियाज लागतो हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. बोलण्यालाही लागतो, हे मात्र त्याला अजून पुरते पटलेले नाही.

'नटसम्राट' च्याच वर्षी, म्हणजे १९७० साली, लागूंनी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' दिग्दर्शित केले आणि त्यात रमाकांतची भूमिकाही केली. एकाच नटाने एका बाजूला बेलवलकरांसाठी प्रेक्षकांचे डोळे पुसावयास लावावे आणि दुसरीकडे बापाला लुबाडणाऱ्या हिंस्र मुलाचे सोंग घेऊन त्याच प्रेक्षकांना शहारे आणावेत, असा तो विलक्षण काळ होता. 'गिधाडे' ने मोठे वादळ उठवले. नाटकातील एका स्त्रीपात्राचा गर्भपात होतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. नाट्यपरीक्षण मंडळाने या तांबड्या डागास हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि निळा डाग प्रेक्षकांनी तांबडा समजावा, अशी घोषणा प्रयोगापूर्वी करण्यात आली! परवानगीचे कलम पाळले गेले आणि डाग पूर्वीपेक्षा अधिक ठळक झाला. हसू येते, परंतु त्या हसण्यामागे नटदिग्दर्शकाचा हट्ट आहे. लोकांना आवडणारे नाटक करणे आणि लोकांनी पाहिले पाहिजे असे नाटक करणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत, असे लागू मानीत आले. कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली' मधील, महर्षी कर्व्यांच्या चरित्रावरून सुचलेले नानासाहेब भानू त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर साकार केले. त्याच सुमारास महेश एलकुंचवारांचे 'गार्बो' आणि गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' ही नाटकेही त्यांनी केली. यातले दुसरे नाटक म्हणजे बहुतांशी एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी. समोर चौकशी समिती, आणि उत्तरे देणारा एक माणूस. अशा नाटकाला गर्दी लोटत नाही. त्याचे प्रयोग करण्यासाठी बेलवलकरांनी मिळवलेली पुण्याई खर्चावी लागते, आणि लागूंनी ती बिनदिक्कत खर्च केली.

चित्रपटांनी त्यांना महाराष्ट्राबाहेर नेले. सुरुवात मराठीतच झाली. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) मध्ये आदर्श शिक्षक तमाशातील स्त्रीच्या मोहात पडून आपले नाव, आपली प्रतिष्ठा गमावतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा पत्करतो. त्यानंतर जब्बार पटेल यांचा 'सामना' आला. तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि लागूंचा कोणी एक फाटका, दारूच्या आहारी गेलेला मास्तर यांची गाठ पडते. मास्तराजवळ सत्ता नाही, पैसा नाही. एक प्रश्न आहे. गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे कोठे गेला? तो प्रश्न मास्तर विचारीत राहतो. फुले यांचा बेरकीपणा आणि लागूंची थकलेली चिकाटी यांची ही जुगलबंदी १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेली. मराठी न कळणाऱ्या माणसाने लागूंचा अभिनय पडद्यावर पाहावयाचा झाल्यास त्याने 'सामना' पासून आरंभ करावा. १९७९ च्या 'सिंहासन' मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून असलेला मंत्री विश्वासराव दाभाडे रंगवला. मास्तराच्या अगदी उलट टोकाचा हा माणूस.

हिंदीत त्यांनी शंभरांहून अधिक चित्रपट केले. त्यांतील फार थोडे चित्रपट त्यांच्या योग्यतेचे होते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. भीमसेन यांच्या 'घरौंदा' (१९७७) मधील प्रौढ मालक मोदी हा त्या थोड्यांपैकी एक. पैशाच्या बळावर तरुण मुलीशी लग्न करणारा हा माणूस खलनायक होणे सोपे होते. लागूंनी त्याला एकाकी केले, आणि प्रेक्षकाची सहानुभूती नकळत विभागली गेली. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक' (१९८९) मध्ये एक प्राध्यापक पावसाच्या संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. चित्रपटभर तो बहुतेक अनुपस्थित आहे, तरी घरातील प्रत्येक खोलीत त्याचे ओझे जाणवत राहते. बाकीच्या चित्रपटांत बहुधा ठरावीक साचा. त्यांनी ती कामे नेटकेपणाने केली, मोबदला घेतला आणि ते नाटकाकडे परतले. दूरदर्शनवरही ते दिसले; १९८० नंतरच्या दशकात 'खानदान' या मालिकेने त्यांचा चेहरा घरोघर नेला.

या बाबतीत इंग्लंडातील नटांचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे नटाने संध्याकाळी नाट्यगृहात शेक्सपिअर करावा, दिवसा दूरचित्रवाणीच्या मालिकेत काम करावे आणि मध्येच चित्रपटात छोटी भूमिका करून यावे, यात कोणाला वावगे वाटत नाही. शिक्षण रंगभूमीवरचे, पोट दूरचित्रवाणीवरचे, अशी ती वाटणी आहे. शिवाय तेथे मोठ्या नटांची कामे जतन करण्याची काळजी घेतली जाते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा वृद्धापकाळातील लिअर १९८३ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) या चित्रपटात हे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. इंग्रजी रंगभूमीचे थोर नट जॉन गिलगुड त्यात लॉर्ड आयर्विन झाले आणि लागू झाले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. ज्या फर्ग्युसनमध्ये गोखल्यांनी शिकवले, त्याच फर्ग्युसनमध्ये लागू शिकले होते. पुणेरी पगडीतील तो मवाळ, मोजके बोलणारा पुढारी तरुण गांधींना आधी हिंदुस्थान पाहून घ्या म्हणून सांगतो. भूमिका काही मिनिटांची आहे. पण गोखल्यांचा आब तीत पूर्णपणे उतरला आहे.

रंगभूमीचे मात्र असे काही उरत नाही. मराठी नाट्येतिहासात गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट दंतकथा होऊन बसला आहे. आगरकरांच्या 'विकारविलसित' या भाषांतराच्या आधारे शाहूनगरवासी मंडळीत ते ही भूमिका करीत. ते १९२२ साली वारले. तो हॅम्लेट कसा होता, हे आज सांगणाऱ्यांच्या आठवणी ऐकणारेही उरले नाहीत. लागूंच्या काळी ध्वनिमुद्रणाची, चित्रीकरणाची साधने आली होती आणि त्यांच्या बेलवलकरांचे काही ठसे त्यामुळे हाती लागतात. परंतु यंत्र टिपते ती एक रात्र. नाटक रोज रात्री नव्याने होते. त्या दिवशीच्या प्रेक्षकांचा श्वास, त्यांची शांतता, एखाद्या वाक्यावर मागच्या रांगेत उमटलेला हुंदका, हा त्याचा अर्धा भाग असतो. तो यंत्रात येत नाही. लागूंना हे पुरते ठाऊक होते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ज्यासाठी शस्त्रक्रियेची खोली सोडली, ती कला अशी रोज विरून जाणारी होती.

आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'लमाण' हे नाव दिले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लमाण एका गावचा माल पाठीवर घालून दुसऱ्या गावी पोहोचवितो. माल त्याचा नव्हे. नटाने नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत न्यावयाचा, असा त्यातील भाव. मराठी रंगभूमीवर नटाचे स्तोम कमी नव्हते. अशा ठिकाणी सर्वांत गाजलेल्या नटाने स्वतःस हमाल म्हणवून घ्यावे, ही वरवरची विनयशीलता नव्हे. तेंडुलकर, एलकुंचवार, देशपांडे यांची अवघड नाटके त्यांनी का वाहिली, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

रंगमंचाबाहेरही त्यांनी ओझी वाहिली, आणि काही तर अंगावर ओढवून घेतली. ते बुद्धिवादी होते. परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला. ज्यांनी बेलवलकरांसाठी अश्रू ढाळले होते, त्यांपैकी कित्येकांना हे रुचले नाही. लागूंनी शब्द मागे घेतला नाही. उलट अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह गावोगाव जाऊन श्रद्धेविषयी जाहीर वादसंवाद केला. व्यासपीठावर दोघांत मतभेद असत आणि ते लोकांसमोर मांडले जात. सामाजिक कार्यकर्त्यांच्या चरितार्थासाठी निधी जमविण्याकरिता निळू फुले, तनुजा अशा कलावंतांबरोबर आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' चे प्रयोगही त्यांनी केले. करमणुकीच्या नाटकात काम करून कार्यकर्त्यांची पोटे भरावीत, ही कल्पना त्यांना मनापासून आवडली असावी.

१९९४ साली त्यांच्यावर फार मोठा आघात झाला. तन्वीर हा त्यांचा तरुण मुलगा आगगाडीतून जात असता बाहेरून कोणीतरी भिरकावलेला दगड लागून जखमी झाला आणि त्यातच त्याचा अंत झाला. ज्याने देव नाकारला त्याची ही परीक्षा आहे, अशा नजरेने पाहणारेही लोक असतील. लागू आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दीपा लागू, यांनी शोकाला नाटकाकडे वळवले. रूपवेध प्रतिष्ठानाच्या वतीने तन्वीरच्या नावे रंगकर्मींसाठी सन्मान सुरू करण्यात आला.

ते स्वतःही थांबले नाहीत. एलकुंचवारांच्या 'आत्मकथा' मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याचा हिशेब खरा सांगावा की रंगवून सांगावा या पेचात सापडलेला वृद्ध लेखक केला होता. तेंडुलकरांच्या 'कन्यादान' मध्ये आदर्शांची किंमत मुलीच्या संसारात मोजली जाताना पाहणारा समाजवादी नाथ देवळालीकर केला होता. सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ साली, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस' मध्ये ते सॉक्रेटिस झाले. अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या नाटकात तास-दीड तास विचारांचे मोठमोठे परिच्छेद पेलणे तरुण नटालाही जड गेले असते. अथेन्सच्या न्यायासनासमोर उभा राहून, मला जे पटले ते मी विचारीत राहणार, असे सांगणारा हा म्हातारा आणि तोवर महाराष्ट्रभर वाद घालून आलेले डॉक्टर यांच्यातली रेघ त्या रात्री फार पुसट होई. आवाज वयाने उतरला होता. परंतु बेलवलकरांच्या वेळी जो अपुरा श्वास अभिनयाने आणावा लागे तो आता स्वाभाविक होता, आणि तो लपविण्याऐवजी त्यांनी तोही भूमिकेच्या कामी लावला.

१९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१० साली संगीत नाटक अकादमीने आपले अधिछात्रपद देऊन त्यांचा गौरव केला. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात, वयाच्या ९२ व्या वर्षी ते निवर्तले.

बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही गाजवले. १ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकर यांचा 'नटसम्राट' चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात नाना पाटेकर बेलवलकर झाले, आणि ज्या गावांत नाटकाचा प्रयोग कधी पोहोचला नव्हता तेथेही गणपतराव पोहोचले. तो पाहून परतलेली मुले घरातील आजोबांना विचारतात की तुमच्या लागूंचे काम कसे होते. आजोबा सांगू लागतात. सांगता सांगता उभे राहतात, एक हात उंचावतात आणि त्या स्वगतातील एखादे वाक्य त्याच ढंगात म्हणून पाहतात. श्वास त्यांचाही अर्ध्यावर संपतो.